जमीन 'खचली' की 'बसली'?

ओळकरीण: एका छायाचित्राखालची ओळ मराठीत करताना अडलेय. कॅलिफोर्नियातलं सॅन वाकीन खोरं, मेंडोटाजवळची जागा. खांबापाशी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे जोसेफ पोलंड उभे. खांबावर पार वर १९२५ ची पाटी, मध्ये १९५५, पायाशी १९७७. त्या त्या साली जमीन तिथं होती. ५२ वर्षांत सुमारे ९ मीटर खाली! मी 'जमीन खचली' लिहिलं. संपादक म्हणतात, दरड कोसळल्यासारखं वाटतं.

कोशकिडा: 'अवतलन' लिहा. अव म्हणजे खाली. प्रश्न मिटला.

मुरूमवाला: अवतलन बोलतं कोण? रस्ता खचतो, विहिरीचा काठ खचतो. तिथं भगदाड दिसतं. इथं शेतं, घरं, खांब सगळं एकदम खाली गेलं, कुणाला पत्ता नाही. नवा भराव कसा बसतो? तशी जमीन 'बसली'.

कोशकिडा: घसा बसतो, धंदा बसतो, आता जमीनही बसवा. आणि माणूस वर्षानुवर्षं खचतच असतो, तिथं कुठलं भगदाड?

फ्रेस्नोकर: मी त्याच खोऱ्यात राहतो. भूजलाच्या बेसुमार उपशानं चिकणमातीच्या थरांतला पाण्याचा दाब गेला आणि थर दबले. पाणी परत आलं तरी ते पहिल्यासारखे फुगत नाहीत. म्हणून 'दबली'. इथल्या फ्रायंट-कर्न कालव्याला तर असा झोळ पडला की पुढं पूर्वीइतकं पाणी जाईना.

मुरूमवाला: कालव्याला झोळ! बाजेला पडतो तसा. वा.

आजोळ: 'बसली' मला पटत नाही. आजी अंगण करायची तेव्हा मुरमावर पाणी शिंपडून चोपण्यानं चोपायची, मग म्हणायची, "आता बसली जमीन." आमची जमीन पाणी घातल्यावर बसते, यांची काढल्यावर. एकच शब्द कसा चालेल?

मुरूमवाला: चोपणं नव्हे हो, धुमस.

आजोळ: धुमस उभ्यानं आपटायची वस्तू. चोपणं पसरट लाकडी, उकिडवं बसून मारायचं. हाताला फोड आलेत माझ्या, मला नका सांगू.

ओळकरीण: आणि माझी ओळ? उद्या छपाईला जायचीय.

कोशकिडा: थांबा हो जरा. तो धुमस की ती धुमस?