धाकट्या बहिणीची केमो सुरू होतेय. मदतीला सगळे धावलेत, पण ती गप्प होत चाललीय. काय करावं?

थोरली

माझी धाकटी बहीण २६ वर्षांची आहे. मानेत गाठ आली होती, रात्री घामानं कपडे भिजायचे, वजन उतरलं होतं. बायोप्सीत हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. एबीव्हीडी म्हणतात ती चार औषधांची, दर १५ दिवसांनी एकदा. डॉक्टर आशावादी आहेत. या आजारातले बहुतेक तरुण रुग्ण पूर्ण बरे होतात असं त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं.

मला विचारायचंय ते उपचारांबद्दल नाही, आमच्याबद्दल आहे. कळल्यापासून घरात फोन थांबत नाही. आत्या राहायला यायचं म्हणतेय. मावशी रोज कुणाच्या ना कुणाच्या कॅन्सरची हकीकत सांगते. बहिणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी आधीच ग्रुप काढलाय. आई प्रत्येक फोनवर सगळं पहिल्यापासून सांगते आणि दर वेळी रडते. बाबा बोलत नाहीत, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर वाचत बसतात. सगळी प्रेमाचीच माणसं, कुणाच्याही मनात खोट नाही.

परवा ती मला म्हणाली, "ताई, मी समोर बसलेली असते आणि सगळे तुला विचारतात, ती कशी आहे." तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. एवढी माणसं आहेत, ती तोडायची नाहीत. पण तिच्या आजारात तिचीच जागा राहिली नाही असंही व्हायला नको. ज्यांनी हे स्वतः सोसलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा, घरानं आणि ओळखीच्यांनी नक्की काय करावं?

सावलीवाट

मला हाच आजार २४ व्या वर्षी झाला, हीच औषधं घेतली. आज ठणठणीत आहे. हे आधी सांगते, कारण तुमच्या बहिणीला बरं झालेलं कुणीतरी दिसायला हवं. मावशींच्या हकीकतींत असली माणसं सहसा येत नाहीत. ज्यांचं बरं झालं ते आपापल्या कामाला लागतात, त्यांची चर्चा होत नाही.

तुमच्या बहिणीचं वाक्य मी शंभर टक्के ओळखते. पहिल्या महिन्यात माझ्यावर प्रेमाचा इतका मारा झाला की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे, कारण तिथंच कुणी विचारायचं नाही. आमच्याकडे उपाय माझ्या भावानं काढला. त्यानं मला विचारलं, कुणाला किती सांगायचं ते तू ठरव. मग मी ठरवलं की रिपोर्टमधलं सगळं चार माणसांना कळेल, बाकीच्यांना केमोनंतर एकच निरोप जाईल आणि तो भाऊच पाठवेल. मजकूर मी आधी वाचायचे. कधी त्यात फक्त "या वेळची झाली, ती झोपलीय, उत्तराची घाई नाही" एवढंच असायचं. आईचे फोन निम्म्यानं कमी झाले. जो निरोप मिळाला तो माझा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटायचं.

दुसरं म्हणजे दिवसांचा अंदाज घ्या. दर वेळी शरीर जवळजवळ त्याच चालीनं वागतं. माझे केमोनंतरचे पहिले तीन-चार दिवस वाईट जायचे. मळमळ, तोंडाला धातूची चव, बद्धकोष्ठ, हातापायात जीव नाही. मग हळूहळू वर यायचे आणि पुढच्या केमोआधीचे काही दिवस चक्क चांगले असायचे. लोक भेटायला यायचे ते नेमके वाईट दिवसांत, कारण "काल केमो झाली, बघून येऊ" असं त्यांना वाटायचं. चांगल्या दिवसांत कुणी नसायचं! तेव्हा मला फिरायचं असायचं, गप्पा मारायच्या असायच्या, आजार सोडून कशावरही. पहिल्या दोन केमो झाल्या की तिची चाल तुमच्या लक्षात येईल, मग माणसांना त्याप्रमाणे बोलवा.

केसांबद्दल. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळायला लागतात. काहींचे विरळ होतात, काहींचे पूर्ण जातात. "केस काय, परत येतील" हे कृपा करून कुणी म्हणू नका. येतात हे तिलाही माहीत आहे. आत्ता जात आहेत, दुःख त्याचं आहे. कापायचे की गळू द्यायचे, टोपी की विग की काहीच नाही, हे तिचं तिला ठरवू द्या आणि जे ठरवेल त्यावर मत देऊ नका. चांगलंसुद्धा मत नको, ती विचारेपर्यंत.

आणि तिला घरातली तिची कामं करू द्या. माझ्याकडे बिलं भरायचं काम होतं, ते आईनं पहिल्याच दिवशी काढून घेतलं. मी परत मागितलं. पडल्यापडल्या फोनवरून होणारं काम होतं ते, पण घरात माझा उपयोग आहे असं वाटायला तेवढं पुरायचं.

डेकेअर_सिस्टर

मी केमोच्या डे केअरमध्ये नर्स आहे. वरच्या सगळ्याला माझा दुजोरा. फक्त काही गोष्टी पुढच्या आठवड्याच्या आत व्हायला हव्यात म्हणून लिहितेय.

पहिली आणि सगळ्यात तातडीची. तिला पुढे मूल हवं असेल किंवा नक्की माहीत नसेल, तरी केमोच्या आधी डॉक्टरांना बीजांडं गोठवण्याबद्दल विचारा. एबीव्हीडीनं प्रजननक्षमतेला धोका इतर काही औषधांच्या मानानं कमी असतो, हे खरं. पण दोन सायकलनंतर (एक सायकल म्हणजे दोन केमो) पेट स्कॅन, म्हणजे आजार किती उरलाय ते दाखवणारी तपासणी करतात आणि तो मनासारखा नसेल तर औषधं जास्त कडक करावी लागू शकतात. तेव्हा धोका वाढतो आणि मागे जायला वाव राहत नाही. बीजांडं काढायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यासाठी पाळीची वाट पाहावीच लागते असं नाही. तिच्या बाबतीत केमो तेवढी थांबू शकते का, हे तिचे डॉक्टरच सांगतील. छातीत मोठी गाठ असेल, श्वासाला त्रास असेल तर थांबता येत नाही. ही चर्चा तिच्याशी करायची आहे आणि शक्यतो आई-बाबा खोलीबाहेर असताना. २६ वर्षांची मुलगी आईसमोर अनेक प्रश्न विचारत नाही. उपचार चालू असताना गर्भ राहू द्यायचा नसतो, तेही बोलणं त्यात येतं.

दुसरी गोष्ट ताप. घरात चांगला डिजिटल थर्मामीटर ठेवा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजून आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन. सकाळची वाट पाहायची नाही आणि फोन करण्याआधी पॅरासिटामॉल द्यायची नाही, त्यानं ताप झाकला जातो. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली येतात, साधारण दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात कमी असतात. त्या वेळी साधा वाटणारा संसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो. आत्या राहायला येणार असतील तर त्यांना हे आधी समजावून सांगा. रात्री फोन लावायला घाबरणार नाही असं एक माणूस घरात हवंच.

भेटायला येणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे. सर्दी, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर यायचं नाही, घरातल्या लहान मुलाला असेल तरीही नाही. आल्यावर हात धुवायचे. घरच्यांनी फ्लूची लस घ्यावी. कुणी प्रेमानं आणलेल्या गोळ्या, पावडरी, अर्क डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायचे नाहीत, काहींचा केमोच्या औषधांवर परिणाम होतो.

लाल औषध चढवल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. उलटी वगैरे साफ करणाऱ्यानं केमोनंतरचे दोन दिवस हातमोजे घालावेत. आणि चारपैकी एक औषध, ब्लिओमायसिन, काही जणांच्या फुप्फुसाला त्रास देतं. कोरडा खोकला लागला, जिना चढताना धाप लागली तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडू नका, पुढच्या केमोच्या आधी कळवा. मुली असल्या तक्रारी लपवतात, कारण घरच्यांना आणखी काळजी नको. तुम्ही बहीण आहात, तुमच्याशी ती खरं बोलेल.

समोरचे_काका

मी नातेवाईक नाही. आमच्या समोर राहणाऱ्या मुलीचे उपचार झाले, म्हणून बाहेरच्या माणसाच्या बाजूनं लिहितो.

आम्हा लोकांना मदत करायची असते पण काय करावं कळत नाही. मग आम्ही म्हणतो, "काही लागलं तर सांगा." असं म्हटलं की विचार करायचं ओझं पुन्हा त्या घरावर पडतं. कुणीही सांगत नाही. तिच्या आईनं आम्हाला थेट कामं वाटून दिली, त्याचे मी आजही आभार मानतो. एकाला गाडी, दुसऱ्याला औषधांच्या दुकानातली रांग, तिसऱ्याला रक्ताचा रिपोर्ट आणणं. माझ्याकडे धाकट्या भावाचा अभ्यास होता. त्या दिवसांत त्या मुलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुमच्या घरात असं लहान कुणी असेल तर त्याच्याकडेही पाहा.

ऑफिसच्या मैत्रिणींचा ग्रुप मोडू नका. फक्त त्यातली एक जण बहिणीला निवडू द्या, बाकीच्या त्या एकीशी बोलतील. आणि सगळ्यांचा उत्साह आत्ताच खर्च करू नका. उपचार महिनोन्महिने चालतात. सुरुवातीला दारात गर्दी असते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात, जेव्हा थकवा साचत जातो, तेव्हा कुणी फिरकत नाही. काही जणांना आत्ताच सांगून ठेवा की तुमची पाळी नंतर. लोक समजून घेतात.

थोरली

तुमच्या सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री तिला वाचायला दिला. आज ती एकटी डॉक्टरांशी बोलली, मी बाहेर थांबले. बीजांडांचा विषय तिच्या मनात होताच, पण "आधी जगायचं बघू" असं कुणीतरी म्हणेल म्हणून तिनं काढला नव्हता. तिची गाठ श्वासावर दाब देत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी सुरुवात थोडी पुढे ढकलायला होकार दिला. त्या विभागाची वेळही मिळाली.

सावलीवाट, निरोपाची कल्पना तिला फार आवडली. ज्यांना सगळं कळेल त्यांची यादी तिनं स्वतः केली. त्यात मावशी नाही, आत्या आहे. मला आश्चर्य वाटलं, पण मी विचारलं नाही. तिला तुमच्याशी एकदा बोलायचंय, चालत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.

एकच अडचण उरली, आई. ती आता बहिणीसमोर रडत नाही, पण जेवतही नाही. बहीण तिच्याकडे पाहून स्वतःचं दुखणं लपवते.

उन्हाळी_पाऊस

मी अशीच एक आई आहे. माझ्या मुलीचे उपचार दोन वर्षांपूर्वी संपले.

तुमच्या आईला "धीर धरा, तिच्यासमोर खंबीर राहा" असं कुणी सांगू नका. मला सगळे तेच सांगायचे आणि मी दिवसभर चेहरा धरून ठेवायचे. मुलीला तो चेहरा रडण्यापेक्षा जास्त घाबरवायचा. तिला वाटायचं, आईला काहीतरी माहीत आहे जे मला सांगितलेलं नाही. एकदा आम्ही दोघी मिळून रडलो. त्यानंतर ती मला कुठं दुखतंय ते सांगायला लागली.

आईला दोन गोष्टी द्या. एक, रडायला मुलीव्यतिरिक्त दुसरं माणूस. तुमची मावशी, जिला सध्या काम नाही, ती बहुधा आईचीच बहीण आहे ना? यादीत नसल्याचं तिला वाईट वाटलं असेल. तिला सांगा की तू आईची जबाबदारी घे. रोज आईसोबत बसून जेवायचं, तिला बाहेर फिरवून आणायचं, हकीकती सांगायच्या नाहीत. दोघींचंही भलं होईल.

दुसरं, हॉस्पिटलमध्ये समुपदेशक आहेत का ते विचारा. कॅन्सरच्या बऱ्याच केंद्रांत असतात आणि ते घरच्यांशीही बोलतात. आमच्या इथे ० ते १० आकड्यांचं थर्मामीटरसारखं चित्र द्यायचे, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्यावर खूण करायची. मला शब्दांत सांगता येत नव्हतं, आकडा दाखवता आला. मी ९ वर खूण केली तेव्हा त्या बाईंनी मला थांबवून घेतलं. झोपेचं, जेवणाचं विचारलं, पुढच्या आठवड्याची वेळ दिली. आईला नुसतं "जाऊन ये" म्हणू नका, पहिल्या वेळी सोबत जा. तुमच्या बाबांनाही न्या. जो रात्री एकटा वाचत बसतो त्याला विचारायचं बरंच असतं.

आणि थोरली, तुमचं कोण पाहतंय? तुम्ही लिहिलेल्या दोन्ही पोस्टमध्ये ते कुठंच नाही. एखादी केमो आत्यावर सोपवा आणि त्या दिवशी घरी झोपा.