पडवीच्या स्लॅबवर सोलर: २ किलोवॅट की ३? सबसिडी आणि कर्जाचा सल्ला हवा

पडवीवाला (गुहागर तालुका)
घर चिऱ्याचं, वर कौलं. पुढच्या पडवीला तेवढा स्लॅब आहे, पूर्व-पश्चिम १८ फूट, दक्षिणोत्तर १२. महिन्याला १८० युनिटच्या आसपास जातात, मे महिन्यात चाकरमानी आले की २६०. सिंगल फेज. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून सोलर बसवायचंय. हातात ६० हजार आहेत, वरचं कर्ज काढीन. २ घेऊ की ३? मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, त्याने काही अडतं का? कृपया ६० हजार धरूनच सांगा.

खाडीपलीकडे
५ घ्या. पुढे एसी येतोच. माझं ५ चं आहे, बिल स्थिर आकारापुरतं येतं. चांगल्या वस्तूला बजेट बघत बसू नये.

मीटरबोर्ड
५ घेतलं तरी सबसिडी ७८ हजारच. पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, त्यापुढे शून्य.
आता मुख्य मुद्दा, आजोबांचं नाव. अडतं, आणि सगळ्यात जास्त तिथेच अडतं. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो. बिलावरचं नाव, अर्जदार आणि बँक खातं एकाच माणसाचं हवं, नाहीतर शेवटी सबसिडी लटकते. आधी महावितरणकडे नावबदल करा: मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा (नमुना ८), आणि घर सामाईक असेल तर बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. मुंबईतल्या काका-आत्यांच्या सह्या गणपतीत सगळे घरी असतात तेव्हाच घेऊन ठेवा.
नाव बदलल्यावर पोर्टलवर नोंदणी करा, यादीतला व्हेंडर निवडा, करार, काम, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा), तपासणी आणि मग बँक तपशील. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा वेगळा अभ्यास लागत नाही, २०२४ च्या नियमबदलात तो गेला.

माडाखाली
ह्या सगळा खरा, पण माडाचो झाप पॅनलार पडलो तर काय करतलास? नि वरसून नारळ इलो तर?

खाडीपलीकडे
माड तोडायचा, दुसरं काय.

माडाखाली
माड तोडूक सांगणारो तू कोण रे मेल्या.

जांभा
माडावरून नंतर भांडा. सकाळी ९ ते दुपारी ३ मध्ये सावली पडते का ते डिसेंबरात बघा, तेव्हा सूर्य दक्षिणेला सर्वात खाली असतो. एका स्ट्रिंगमधल्या, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनलांपैकी, एका पॅनलवर झावळीची सावली आली तरी उत्पादनाला फटका बसतो. हाफ-कट (अर्धे कापलेले सेल असलेल्या) पॅनलने तो कमी होतो, जात नाही.
मोजमाप: ५४० वॅटचं पॅनल साधारण ७.५ बाय ३.७ फूट. चार उभे शेजारी लावले की १५ फूट, तुमच्या १८ मध्ये बसतात, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट चालायला उरतं. हे झालं २.१६ किलोवॅट. सहा लावले तर २२ फूट, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन फूट पॅनल हवेत. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. कडेचं लोंबतं पॅनल वारा खालून उचलतो, आणि एक सुटलं की क्लॅम्पसकट शेजारचंही जातं.

वेंगुर्लेकर_जुना
३ च घ्या. आणि नाव बदलून घ्या आधी.

पावसाळी
लाईट गेल्यावर सोलर चालेल अशा आशेने घेत असाल तर थांबा. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेला, इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतः बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. आपल्याकडे लाईट जाते जून-जुलैत, म्हणजे गरज असते तेव्हाच हे ठप्प. हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालणारा इन्व्हर्टर, आणि बॅटरी घ्या.

मीटरबोर्ड
बॅटरीला सबसिडी नाही. ६० हजारवाल्या माणसाला हायब्रिड सांगताय.

पावसाळी
मग अंधारात बसा.

अर्धायुनिट
आधी पंखे बदला, मग सोलर. साधा पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. सहा पंखे १२ तास चालले तर दिवसाला सव्वातीन युनिट वाचतात, महिन्याला जवळजवळ १००. आणि १०० च्या वरचे युनिटच महाग असतात, म्हणजे वाचतात ते महागडे युनिट. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर तोही बघा, पंप दुप्पट वेळ चालतो.

खाडीपलीकडे
पंख्यांना सबसिडी नाही. विषय सबसिडीचा आहे.

अर्धायुनिट
सहा पंख्यांना जेमतेम १८ हजार लागतील, त्यासाठी सरकार कशाला हवं? आणि ज्यांचा वापर १०० युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजना आहे, १ किलोवॅटला केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे वेगळे पैसे. पडवीवाल्यांचे १८० जातात म्हणून ते त्यात नाहीत, पण वाचणारे असतील.

कर्जखातं
कर्जाचं कोणी बोलेना, म्हणून. अर्ज सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवरून. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांची मर्यादा, तारण नाही, स्वतःचे १० टक्के, मुदत १० वर्षांपर्यंत, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरावर अर्धा टक्का. ६ टक्के धरा: लाखाला हप्ता साधारण १,११० रुपये. सबसिडी आली की ती कर्जात भरून टाका, निम्मं कर्ज तिथेच फिटतं. लोक त्या पैशांत टीव्ही घेतात आणि दहा वर्षं हप्ते भरत बसतात.
कोटेशनमध्ये जीएसटी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानाला १२ चे ५ टक्के झालेत, जुना दर लावलेली कोटेशनं अजून फिरतात.

जांभा
कोटेशनवरच लिहून घ्या: पॅनल डीसीआर, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले. नुसतं ‘मेड इन इंडिया’ चालत नाही, साधं पॅनल स्वस्त पडतं म्हणून ते गळ्यात मारतात आणि सबसिडी अडकते. प्रत्येक पॅनलचा अनुक्रमांक वर चढण्याआधी फोटो काढून ठेवा. सबसिडी पॅनल आणि इन्व्हर्टर यांत ज्याची क्षमता कमी त्यावर ठरते, त्यामुळे २.१६ च्या पॅनलला २ चा इन्व्हर्टर असेल तर ६० हजार.
ढाचा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, थर ८० मायक्रॉन. वेल्डिंग करून चंदेरी रंग मारलेला ढाचा समुद्रापासून पाच किलोमीटरच्या आत दोन पावसांत गंजायला लागतो. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, एसएस ३०४, किनाऱ्याला लागून घर असेल तर ३१६. पडवीचा स्लॅब पातळ असेल तर भोकं पाडून अँकर मारू देऊ नका, पहिल्याच पावसात गळेल. बीमच्या रेषेत काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात बेसप्लेट धरा. अर्थिंग तीन, डीसी, एसी आणि वीजरोधकाचं वेगवेगळं. कातळात साधा रॉड चार फुटांवर अडकतो, मग कापून पुरतात आणि वर माती ओढतात. खड्डा भरण्याआधी समोर उभे राहा, टेस्टरचं रीडिंग मागा.

वेंगुर्लेकर_जुना
डीसीआर पॅनलच घ्या, नाहीतर सबसिडी मिळत नाही. आणि ३ घ्या.

शेवटचाखांब
खांबापासून घर लांब असेल आणि सर्व्हिस वायर बारीक असेल तर दुपारी व्होल्टेज चढून इन्व्हर्टर ट्रिप होतो. ग्राहकाला वाटतं पॅनल खराब. दुपारी १२ ला मीटरपाशी व्होल्टेज मोजा. आत्ताच २४५ च्या वर असेल तर आधी वायर बदला.

मीटरबोर्ड
२ की ३ चा हिशोब: १ किलोवॅटला दिवसाला चारच्या आसपास युनिट, पावसात निम्म्याखाली. २ चे वर्षाला साधारण २,४००. वापर १८० गुणिले १२, म्हणजे २,१६०, मेचा चढ धरून थोडे जास्त. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेल्यांचे अगदी किरकोळ पैसे मिळतात. एप्रिल-मेचे साठलेले जून-जुलैत खपतात, ते बरं. हिवाळ्यातले उरले तर ते जातात. तरीही मी ३ म्हणेन, वापर वाढतोच.

पडवीवाला
सगळ्यांचे आभार. २ च घेतोय, चार पॅनल, कर्ज काढून. तिसऱ्यासाठी १८ हजार मिळतात आणि ५० च्या वर जातात, वर पॅनल हवेत लोंबणार. माड तोडणार नाही, सावली सकाळी ८ पर्यंतच असते. पंखे आत्ता नाही. सोलरला बॅटरी नाही, लाईट गेल्यावर घरचा जुना इन्व्हर्टर आहे. नावबदलाचे कागद गोळा करतोय, एका आत्याची सही राहिलीय.

वेंगुर्लेकर_जुना
३ घ्यायला हवं होतं.

शेवटचाखांब
वानरांचं कोणीच बोललं नाही. पॅनलकडून इन्व्हर्टरला येणारी डीसी केबल उघडी ठेवू नका, खेचतात. उन्हात टिकणारा यूव्हीचा कंड्युट (केबलचा पाइप) आणि दर दोन फुटांवर क्लॅम्प.