ताडपत्री फक्त डोक्यावर

होळीनंतर तोडलेली बाभूळ ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवली, तरी चुलीत धुपते, असं का, हे एकानं विचारलंय. धुपणारच! ओल निघायला वाट कुठाय? ओल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणीच असू शकतं.

आमच्याकडं यवतमाळच्या बाजूला बांधावरची बाभूळ तोडली की त्याच आठवड्यात फोडतो. गोल ओंडका सालीत ओल धरून बसतो, फोडलेली ढलपी लवकर वाळते; शिवाय ओली बाभूळ कुऱ्हाडीला सोपी जाते, वाळल्यावर हात भरून येतात. खाली दोन दगडांवर आडवी बल्ली टाकून मगच रचायचं, नाहीतर उधळी (वाळवी) लागलीच समजा. बाजू वाऱ्याला मोकळ्या. एप्रिल-मेचं आपलं ऊन फुकटची भट्टी आहे. ताडपत्री मृगाच्या तोंडावर, तीही फक्त वरून.

वाळलं का, ते टोकाकडून बघा. मधून कडेकडे चिरा गेलेल्या असतात, साल नखानं सुटते, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजतात. ओलं लाकूड बद्द करतं. आमच्या आईला तर नुसतं हातात घेऊन कळतं.

तोवर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) जाळा. भसकन जळून जातात, पण भाकरीपुरत्या पुरतात.