गाण्यासाठी पाच वर्षं तुरुंग? मला नाही पटत

क्लाइडकाठ:
'सुजाण प्रेक्षक' यांनी काल इथे लिहिलं की स्कॉटलंडने फुटबॉलमधल्या आक्षेपार्ह वर्तनाचा कायदा 2018 मध्ये रद्द करून हुल्लडबाजांपुढे गुडघे टेकले, आणि आपल्याकडेही तसाच कायदा हवा. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

तो कायदा वाचलाय का तुम्ही? मार्च 2012 पासून लागू होता. 'समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटेल' असं काही बोललं-गायलं आणि त्यातून दंगा होण्याची शक्यता दिसली की गुन्हा. भडकणारं माणूस तिथे हजर नसलं तरी गुन्हा! मैदानातच नव्हे, सामन्याला जाता-येता, पबमध्ये टीव्हीवर मॅच बघतानाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबची पोरं, बहुतेक आयरिश वंशाची कॅथलिक, 1981 मध्ये ब्रिटिश तुरुंगातल्या उपोषणात मेलेल्या आयरिश कैद्यांचं गाणं म्हणतात. मला ते आवडत नाही. पण तेच गाणं कुणी लग्नात म्हटलं तर हा कायदा लागू नव्हता, आणि स्टँडमध्ये म्हटलं तर कोर्टाच्या खेपा.

मी ग्लासगोच्याच पार्टिक थिसल क्लबचा, म्हणजे सेल्टिक आणि त्यांचा प्रोटेस्टंट पाठीराख्यांचा प्रतिस्पर्धी रेंजर्स, दोन्हींपासून लांब. तरी डोळ्यांनी पाहिलंय: पोलीस मैदानाकडे पाठ करून कॅमेऱ्यात पोरांची तोंडं टिपतायत. गोल झाला तरी मान वळत नाही.

सुजाण प्रेक्षक:
पार्श्वभूमी सोयीने गाळलीत. 2011 मध्ये सेल्टिकचे मॅनेजर नील लेनन यांना पार्सल बॉम्ब पाठवले गेले. मे महिन्यात एडिनबराच्या टायनकॅसल मैदानावर चालू सामन्यात एक जण त्यांच्या अंगावर धावून गेला. सरकारने काय नुसतं बघत बसायचं?

क्लाइडकाठ:
पार्सलवाल्या दोघांना पाच-पाच वर्षं झाली, हल्ल्याच्या कटाबद्दल, जुन्याच कायद्याने. धमक्या-शिवीगाळीला 2010 चं कलम 38 होतंच, धर्मद्वेषाला 2003 चं कलम 74. मग नवं कशाला? तेव्हाच्या सत्ताधारी एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी) या एकाच पक्षाने तो 64 विरुद्ध 57 मतांनी रेटला, बाकी सगळे पक्ष विरोधात. डंडीच्या एका शेरिफने (तिथले न्यायाधीश) तर भर कोर्टात मसुद्याचे वाभाडे काढले.

आसावरी:
कलमं तुमच्याजवळ ठेवा. मी डर्बीच्या, म्हणजे सेल्टिक-रेंजर्स सामन्याच्या, दिवशी ग्लासगोच्या लोकल गाडीत होते. अख्खा डबा 'फेनियन रक्तात गुडघ्यापर्यंत' हे गात होता (फेनियन म्हणजे आयरिश कॅथलिकांना दिलेली शिवी), खिडक्यांवर बुक्के मारत. माझी शेजारीण कॅथलिक. तिने मुलीच्या अंगातला कॅथलिक शाळेचा ब्लेझर काढला, उलटा घडी करून पिशवीत कोंबला, वर भाजी ठेवली. मुलगी आठ वर्षांची. हे तुमचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य? त्या शहरात 1995 साली सामन्याहून घरी निघालेल्या सोळा वर्षांच्या सेल्टिक समर्थकाचा खून झालाय. पंथद्वेषाविरुद्ध काम करणारी 'निल बाय माउथ' ही संस्था त्यातूनच उभी राहिली. पुरुषांना स्टँडमधून हे सगळं गंमत वाटतं.

पेठकरी:
ताई, तुमचं दुखणं समजतंय. पण गुन्हा दाखल झाल्यावर काय होतं ते आम्हा कोल्हापूरकरांना विचारा. शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्ष्या असते, टोमणे असतात, हलगी असते. आमच्या गल्लीतला एक पोरगा, रोज पहाटे पोलीस भरतीचा सराव करणारा. मॅच सुटल्यावर दंगा झाला, दगड मारणारे पळाले, हलगीवाला सापडला. पुढं चारित्र्य पडताळणीत ती केस आडवी आली. आता तो दुकानात काम करतो. सुजाण साहेब, तुमचा कायदा इथं आला तर असल्या पोरांची रांग लागंल.

अ‍ॅबर्डीनवाला:
खरा भेदभाव बिअरचा आहे, त्यावर कुणी बोलत नाही. 1980 च्या सेल्टिक-रेंजर्स कप फायनलला ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर दंगल झाली, तेव्हापासून स्कॉटिश फुटबॉलच्या स्टँडमध्ये दारूबंदी. आणि एडिनबराच्या मरेफील्ड मैदानात रग्बी बघत खुशाल ग्लास हातात धरा!

सुजाण प्रेक्षक:
बिअरचा इथे काय संबंध? आणि रग्बीवाले घोडेस्वार पोलीस बोलवायची वेळ आणत नाहीत. हॅम्पडेनवर ते बोलवावे लागले होते.

अ‍ॅबर्डीनवाला:
संबंध आहे. 1980 ला माझा जन्मही झाला नव्हता, शिक्षा मी भोगतोय. शिवाय त्याच फुटबॉल मैदानात महागडं हॉस्पिटॅलिटीचं तिकीट काढा, आत वाईन मिळते. कोट घातलेला पितो तो पाहुणा, स्कार्फ घातलेला पितो तो दंगेखोर?

क्लाइडकाठ:
हे शंभर टक्के खरं. 2012 च्या कायद्याच्या मुळाशीही तेच. फुटबॉल प्रेक्षक म्हणजे आधीच संशयित.

आसावरी:
म्हणजे दारू पण हवी? त्या डब्यातले सगळे प्यायलेलेच होते.

अ‍ॅबर्डीनवाला:
बाहेर घाईघाईने ढोसून आले असणार. आत शांतपणे मिळाली तर कोण ढोसेल?

आसावरी:
हे तुम्ही त्या आठ वर्षांच्या मुलीला समजावून सांगा. मला नको.

पेठकरी:
बिअरचा धागा वेगळा काढा की. इथं पोरांच्या केसेसचं चाललंय.

क्लाइडकाठ:
आसावरीताई, तुम्ही सांगितलेलं गाणं रक्ताची भाषा बोलतं. त्यावर कारवाई हवीच, आणि ती 2012 च्या आधीही करता येत होती. माझा विरोध 'आक्षेपार्ह' या मोकळ्या खुंटीला आहे. तिच्यावर उद्या पॅलेस्टाईनचा झेंडाही टांगतील. 2016 मध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, चाहत्यांच्या त्या झेंड्यांवरून सेल्टिकला दंड केलाच, आणि चाहत्यांनी उत्तरादाखल पॅलेस्टिनी संस्थांसाठी एक लाख पौंडांच्या वर निधी उभा केला.

आसावरी:
करता येत होती म्हणता, मग त्या डब्यात कुणी का नाही केली? कायदा रद्द करा म्हणून मोर्चे निघाले. आहे ते कलम गाडीत वापरा म्हणून किती निघाले?

क्लाइडकाठ:
नाही निघाले. निघायला हवे होते.

सुजाण प्रेक्षक:
रद्द झाला तोही 62 विरुद्ध 60 मतांनी, तेव्हा त्याला जनतेचा कौल म्हणू नका. पबचं कलम अति होतं, एवढं मान्य. हलगीवाल्या पोराचं वाईट वाटलं. बाकी काल लिहिलेलं मागे घेत नाही.