जुन्या फिश टँकचं गेको आणि बेडकासाठी घर करायचंय, दार आणि हवेचं कसं करू?

बावड्याचा_टँक
राम राम मंडळी. माळ्यावर दोन जुने फिश टँक पडून हायत, एक दोन फुटी (लांबी २४, रुंदी १५, उंची १८ इंच) आणि एक दीड फुटी, त्या बारक्याच्या कोपऱ्यातनं पाणी झिरपतंय. मासे बंद केले पण काच दणकट हाय, भंगारात घालायचं जिवावर आलंय. डोक्यात असं हाय की मोठा टँक आडवा न ठेवता उभा करायचा आणि त्यात क्रेस्टेड गेको (चढणारी परदेशी पाल), बारक्यात पॅकमन बेडूक (मोठ्या तोंडाचा परदेशी बेडूक). जनावर अजून आणलेलं नाही, आधी घर तयार होऊ दे. धाकटा भाऊ म्हणतोय दोन कशाला, मोठ्यातच खाली बेडूक आणि वर गेको ठेव. चालंल का? आणि उभा केल्यावर दार कसं बसवायचं, हवा कुठनं येणार?

उद्यमनगरकर
भावा उभा करायची आयडिया एकदम बरोबर हाय, क्रेस्टेडला चढायला उंची लागते. पण एक ध्यानात घे, टँक उभा केला की तोंड समोर येतं आणि वरनं काच बंद, म्हणजे तुला जाळीचं झाकण मिळत नाही, हवा फिरायची ती समोरच्याच बाजूनं. म्हणून २४ इंचाचं तोंड असं वाटून घे: खाली ४ इंच काचेची पट्टी सिलिकॉननं चिकटव, ती माती अडवणार, तिच्यावर दीड इंच जाळी, मग दार, आणि अगदी वर २ इंच जाळी. गरम हवा वरच्या जाळीतनं बाहेर पडते आणि खालनं ताजी ओढली जाते, पंख्याची गरज पडत नाही. नुसती वरची जाळी ठेवलीस तर खालची ओल कोंडून बुरशी येणार बघ.
दाराला अॅक्रिलिक घेऊ नको, आत ओल आणि बाहेर कोरडं असलं की ते वाकतं आणि फट पडते, गेकोला तेवढी फट बास. ४ एमएम काच घे आणि शोकेसच्या काचेची बिजागरी लाव. जाळी अॅल्युमिनियमची नाहीतर स्टेनलेसची. मच्छरदाणीची फायबर जाळी खायला सोडलेले रातकिडे कुरतडतात. आणि टँकखाली थर्माकोल टाक, आता सगळं वजन बाजूच्या काचेवर येणार हाय.

पन्हाळ्याचा_पाऊस
भावाला सांगा एकत्र अजिबात नाही. पॅकमन तोंडात मावेल ते गिळतो, मग तो गेको असो नाहीतर दुसरा बेडूक असो, त्याला एकट्यालाच ठेवायचं असतं. तुमचा दीड फुटी टँक एका बेडकाला व्यवस्थित पुरतो, तो फार हिंडत नाही, दिवसभर मातीत रुतून नुसते डोळे वर काढून बसतो.
माझा जीव खरा अडकलाय तो टँकच्या आधीच्या आयुष्यात. कोपऱ्यातलं सिलिकॉन निळसर झालंय का बघा. झालं असेल तर कधीतरी माशांना मिथिलिन ब्लू (माशांचं निळं औषध) घातलेलं आहे, ते सिलिकॉनमध्ये मुरतं. आणि माशांच्या काही औषधांत तांबं असतं. बेडूक पाणी कातडीतनं आत घेतो हो, म्हणजे टँकमध्ये जे उरलंय ते सरळ त्याच्या अंगात. तसंही झिरपतंय म्हणताय, मग जुनं सिलिकॉन ब्लेडनं पार खरवडून काढा, जुन्यावर नवं चिकटत नाही. नवं घेताना बुरशीरोधक लिहिलेलं बाथरूमचं घेऊ नका, साधं अॅक्वेरियमचं घ्या, आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत आत काही घालू नका. काचेवरचे पांढरे क्षार व्हिनेगरनंच निघतात. फिनाइल, साबण लांब ठेवा.
आत ३-४ इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), भिजवून दोन-तीनदा धुऊन घेतलेलं, कारण त्यात मीठ असू शकतं. मूठ दाबली की गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, एवढीच ओल. पाण्याची वाटी उथळ, त्याला नीट पोहता येत नाही. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग वापरा, क्लोरिन उडून जातं.

रंकाळ्यावरनं
घर मस्त होईल पण उन्हाळ्याचा विचार करा आधी. क्रेस्टेड न्यू कॅलेडोनियाचा, त्याला २२ ते २६ डिग्री मानवते, २८-२९ च्या वर सलग राहिलं की जीवावर बेततं. आपल्याकडं एप्रिलात पारा ३८ ला टेकतो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. खालच्या मजल्यावरची, ऊन न येणारी भिंत असेल तरच आणा. काचेच्या टँकवर अर्धा तास ऊन पडलं तरी आत भट्टी होते.
आणि स्टार कासव, घोरपड असलं काही कुणी स्वस्तात देतो म्हटलं तर लांब राहा, ते पाळणं गुन्हा आहे. बाहेरचे बॉल पायथन, इग्वाना सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, त्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कुठलंही जनावर घ्या, कागद मागा. आणि नको झालं म्हणून रंकाळा तलावात सोडू नका, लोकांनी लाल कानाची कासवं अशीच सोडून ठिकठिकाणची तळी बिघडवलीत.

बावड्याचा_टँक
लई उपकार मंडळी. सिलिकॉन बघितलं, खरंच निळं हाय, दोन्ही टँकचं. सगळं खरवडतो. भावालाबी पटलंय. एकच विचारतो, थंडीत बेडकाला हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लागंल काय, ती टँकच्या खाली लावू?

पन्हाळ्याचा_पाऊस
खाली नको. त्याला गरम झालं की तो अजून खोल मातीत जातो, आणि खाली मॅट असली की तिथंच भाजतो. बाजूच्या काचेला बाहेरनं लावा, थर्मोस्टॅटवर (तापमान बघून मॅट आपोआप चालू-बंद करतो तो), २४ ते २८ डिग्रीच्या मध्ये. थर्मोमीटरचं टोक मातीत खोचा, काचेवर चिकटवू नका. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर बहुतेक ती बंदच राहील.