मदत हवी आहे: रूट कॅनालनंतर चावताना कळ येते, कॅप आत्ताच बसवावी का?

कृष्णाकाठ

आईसाठी विचारतोय, वय ६२. उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ, कागदावर क्रमांक ४६. रूट कॅनाल एकाच बैठकीत झालं, त्याला आज १८ दिवस झाले. वर तात्पुरतं फिलिंग आहे, ते शाबूत दिसतं. आपोआप ठणका नाही, सूज नाही, ताप नाही. त्या बाजूने भाकरीचा कडक पापुद्रा किंवा शेंगदाणा चावला की एकदम कळ येते आणि क्षणात जाते. गार पाण्यानेही बारीक सणक जाते. पहिल्या आठवड्यात जेवढं होतं तेवढंच आजही आहे, ना कमी ना जास्त.

एक्स-रेत तीन कॅनाल (मुळातल्या नसेच्या नळ्या) भरलेले दिसतात, दोन पुढच्या मुळात आणि एक मागच्या. भराव टोकाच्या साधारण १ मिमी अलीकडे थांबलाय. मुळाखाली काळी सावली नाही, मात्र मागच्या मुळाभोवतीची काळी रेघ इतर ठिकाणांपेक्षा जराशी रुंद आहे.

चालू औषधं: रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५००, हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेंड्रोनेट ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा, गेली तीन वर्षं.

सोमवारी दात कापून माप घ्यायचं ठरलंय. "कॅप बसली की दुखणं थांबेल" असं सांगितलं आहे. कॅप झिर्कोनियाची (दातासारखं पांढरं, फार कठीण सिरॅमिक), १५ वर्षांच्या वॉरंटी कार्डासह, किंवा जवळजवळ निम्म्या किमतीत धातूवर सिरॅमिक. विचारायचंय ते असं: सोमवारी पुढे जावं का? सीबीसीटी (दाताचा त्रिमितीय स्कॅन) काढावा का? आणि कॅप कुठली?

अपेक्स

सोमवारी माप देऊ नका. दुखणाऱ्या दातावर पक्की कॅप चढवायची नसते. आधी दुखण्याचं कारण हातात आलं पाहिजे. आत काही राहून गेलं असेल तर तीच कॅप भोकसून पुन्हा आत जावं लागतं. झिर्कोनिया इतका कठीण असतो की त्यासाठी एक-दोन डायमंड बर (दात कापायची हिरेकणीची टोकं) खर्ची पडतात आणि कॅपला तडा जाण्याची भीती वेगळीच.

तुमच्या मजकुरात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गार पाण्याची सणक. सगळे कॅनाल साफ झाले असतील तर त्या दाताला गार कळायलाच नको. तेव्हा एक तर शेजारची दाढ बोलतेय, नाही तर याच दाढेत कुठे तरी जिवंत नस शिल्लक आहे. हे ओळखायला मशीन लागत नाही. कापसाच्या बारीक बोळ्यावर गार स्प्रे मारायचा आणि ४६ आणि तिच्या शेजारचे ४५, ४७ एकेक कोरडे करून त्यांना स्वतंत्रपणे लावायचा. नुसती गुळणी केली तर तिन्ही दात एकदम गार होतात, त्यातून काहीच उलगडत नाही.

त्याआधी पाच मिनिटांचं काम म्हणजे चावा तपासणं. तात्पुरतं फिलिंग केसभर उंच असलं तरी दाढ दिवसभर मार खात राहते. निळा आर्टिक्युलेटिंग पेपर (चाव्याचा डाग उमटवणारा कागद) धरून दात नुसते टकटक मिटवायचे नाहीत, जबडा डावीउजवीकडे घासूनही बघायचा. बाजूच्या हालचालीत उमटणारा डाग बऱ्याचदा नजरेतून सुटतो. उंची हेच कारण असेल तर घासल्यावर दोन-चार दिवसांत फरक पडायला लागतो.

आता एक्स-रे. समोरून काढलेल्या चित्रात गालाकडचा आणि जिभेकडचा कॅनाल एकमेकांच्या मागे लपतात. मागच्या मुळात एकच कॅनाल भरलाय असं दिसतं तेव्हा तिथे खरोखर एकच आहे की दुसरा आड राहिला, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. म्हणून एक्स-रे मशीनची ट्यूब साधारण २० अंश पुढे, म्हणजे सुळ्याच्या बाजूला सरकवून आणखी एक एक्स-रे काढायला सांगा. या दुसऱ्या चित्रात मागच्या मुळातला भराव मुळाच्या बरोबर मध्यावर असेल तर बहुधा कॅनाल एकच आहे. भराव एका कडेला सरकलेला दिसला तर उरलेल्या कडेला दुसरा आहे असं धरूनच शोधायचं. ट्यूब ज्या दिशेला हलवली त्याच दिशेला जिभेकडची वस्तू सरकते, गालाकडची उलट जाते. खालच्या पहिल्या दाढेला कधी कधी जिभेच्या बाजूने अख्खं वेगळं मूळही असतं. अशा वेळी तिरक्या चित्रात मागच्या मुळाची बाह्यरेषा दुहेरी दिसते.

तिरका एक्स-रे स्वस्त आहे, त्याच दवाखान्यात पाच मिनिटांत होतो. सीबीसीटी त्यानंतर, आणि तोही लहान भागाचा, साधारण ५ बाय ५ सेंमीचा. अख्ख्या जबड्याचा नको. किरणं जास्त लागतात आणि सहसा बारकावाही कमी मिळतो. सुटलेला कॅनाल सीबीसीटीत चांगला दिसतो. बारीक तडा मात्र त्यात दिसेलच असं नाही. भरावाच्या गटापर्चामुळे (कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) चित्रात पट्टे उमटतात आणि तडा त्यांत हरवतो, कधी नसलेला तडाही असल्यासारखा भासतो.

साधासरळ

एवढी यातायात करण्यापेक्षा दाढ काढून इम्प्लांट का नको? एकदाच खर्च आणि विषय संपला.

हिरडीवाली

@साधासरळ, या बाईंच्या बाबतीत तो शेवटचा पर्याय. ॲलेंड्रोनेट चालू आहे. दात काढल्यावर या गोळ्यांमुळे हाड भरून न येण्याचा धोका तोंडावाटे घेणाऱ्यांत लहान असतो, पण असतो, आणि गोळ्यांची वर्षं वाढतात तसा वाढतो. रूट कॅनालमध्ये हाडाला हात लागत नाही, म्हणून अशा रुग्णात दात वाचवण्याला जास्त वजन. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती हाडात वर्षानुवर्षं टिकते, आठ दिवस थांबवून काही साधत नाही.

@कृष्णाकाठ, पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली फट, मोजून घेतलेत का? बोथट टोकाची, मिमीच्या खुणा असलेली प्रोब दाताभोवती सहा ठिकाणी नुसती टोचायची नाही, हिरडीच्या कडेने चालवत न्यायची. सगळीकडे २–३ मिमी आणि एकाच अरुंद जागी प्रोब सटकन ७–८ मिमी खाली गेली, तर मूळ उभं चिरल्याचा संशय पक्का होत जातो. चिरलेल्या मुळावर कुठलीही कॅप टिकत नाही. हिरडीच्या आजारातलं पॉकेट पसरट असतं, प्रोब हळूहळू खोल जाते. दोन्ही वेगळे ओळखू येतात.

तड्यासाठी आणखी एक चाचणी. दाढेच्या एकेका उंचवट्यावर प्लास्टिकचा छोटा ठोकळा ठेवून चावायला लावायचं आणि सोडायला सांगायचं. दाबताना दुखलं आणि सोडताना जास्त सणकलं, तेही ठरावीक उंचवट्यावरच, तर तडा शोधावा. तात्पुरतं फिलिंग काढून भिंगाखाली मिथिलीन ब्लू लावलं की तडा निळ्या रेघेसारखा उठून दिसतो.

औषधांचं. केमिस्टकडून प्रतिजैविक आणून देऊ नका. सूज-ताप नसताना त्याने चावण्याची कळ जात नाही. टेल्मिसार्टन चालू असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, मूत्रपिंडावर ताण येतो. गरज पडली तर पॅरासिटामॉल ६५०. गालाला सूज, तोंड नीट न उघडणं, गिळताना त्रास किंवा ताप, यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी दाखवा, सोमवारची वाट बघू नका.

लॅबवाला

कॅपबद्दल लिहितो. ती बसवायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

मागच्या दाढेला एकसंध झिर्कोनिया चांगला. वर सिरॅमिकचा थर दिलेला घेऊ नका, तो थर कोपऱ्यातून उडतो. एकसंध झिर्कोनियाला वरून १ ते १.५ मिमी कापलं तरी पुरतं, धातूवरच्या सिरॅमिकला २ मिमीपर्यंत लागतं. दात आधीच पोकळ झालेला असताना हा अर्धा मिमी फार मोठा. तरीही धातू-सिरॅमिकला कमी लेखू नका. लेझरने घडवलेल्या कोबाल्ट-क्रोमवरची नीट बसणारी कॅप ही वाईट बसणाऱ्या झिर्कोनियापेक्षा शंभर पटीने बरी.

वॉरंटी कार्ड बहुतेक वेळा कॅपच्या मटेरियलचं असतं. कॅप फुटली तर नवी मिळते. खालचा दात किडला, रूट कॅनाल पुन्हा करावं लागलं, दात मोडला, तर ते कार्ड कामाचं नाही. अटी वाचून घ्या.

कॅप टिकते ती हिरडीच्या वर उरलेल्या खऱ्या दातावर. कापल्यानंतर चहूबाजूंनी किमान १.५ ते २ मिमी उंचीची आणि १ मिमी जाडीची नैसर्गिक दाताची भिंत कॅपच्या कडेत यायला हवी. ती नसेल तर कॅप फिलिंगच्या गोळ्यावर उभी राहते आणि एक दिवस गोळ्यासकट हातात येते. डॉक्टरांना सरळ विचारा, भिंत किती उरलीय?

स्कॅनरने माप घेणार असतील तर उत्तम, घशाशी ट्रे येत नाही. पण स्कॅनर कॅमेराच आहे. रक्त आणि लाळेखालची कड त्याला दिसत नाही. हिरडीत दोरा घालून कड उघडी आणि कोरडी केली नाही तर स्कॅनमध्ये कड धूसर येते आणि आम्ही लॅबमध्ये अंदाजाने रेघ ओढतो. कॅपची कड उघडी राहते ती बहुतेकदा इथेच.

झिर्कोनियाचा ब्लॉक भाजताना २० ते २५ टक्के आटतो, म्हणून कॅप मोठी कोरतात आणि साधारण १५०० अंशांना भाजतात. घाईघाईत भट्टी उरकली तर आटणं सगळीकडे सारखं होत नाही आणि कॅप बसताना अडते. मग खुर्चीवर घासाघीस चालू होते. घासून चावा जुळवला की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि समोरच्या वरच्या दाढेला कानशीसारखा कातत राहतो. घासल्यावर रबरी चाकांनी आणि शेवटी डायमंड पेस्टने आरशासारखं पॉलिश झालंच पाहिजे. जीभ फिरवून बघायला सांगा, जिभेला लगेच कळतं.

चिकटवण्याआधी दोन्ही बाजूंनी फ्लॉस घालून बघायचा. थोडं अडून टक् करत जायला हवा. सैल गेला तर मेथीची भाजी रोज तिथेच अडकणार.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. माप पुढे ढकललं. चावा ठीक निघाला. पॉकेट सगळीकडे ३ मिमीच्या आत. गार स्प्रेला शेजारच्या दोन्ही दाढांची प्रतिक्रिया नेहमीसारखी, आणि ४६ लाही हलकी सणक आली. ट्यूब पुढे सरकवून काढलेल्या एक्स-रेत मागच्या मुळातला भराव मध्यावर नाही, मागच्या कडेला सरकलाय. डॉक्टरांनी स्वतःच उघडून बघू म्हटलं. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही. तिथेच करावं की दुसरीकडे? आणि कॅप मग कधी?

अपेक्स

ट्यूब पुढे आणि भराव मागे, म्हणजे भरलेला कॅनाल गालाकडचा. जिभेकडचा राहिलाय असं धरून चालायला हरकत नाही. गाराची सणकही त्याला जुळते. आता सीबीसीटीवाचून अडणार नाही. उघडून त्या कॅनालचं तोंड सापडलंच नाही तर तेव्हा काढा.

सूक्ष्मदर्शक असणाऱ्या रूट कॅनाल तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. यात तुमच्या डॉक्टरांचा अपमान नाही, अशी पत्रं रोज जातात-येतात. दोन्ही एक्स-रे सोबत द्या. जिभेकडचं वेगळं मूळ असेल तर ते टोकाशी गालाकडे वळतं. सरळ जोर लावला तर फाइल (कॅनाल घासायची बारीक सुई) आत तुटते किंवा कॅनालच्या भिंतीत चुकीची पायरी पडते. आधी १० नंबरची हातफाइल टोकापर्यंत मोकळी, लांबी एपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक कुठे ते दाखवणारं यंत्र), आणि मगच मशीनची फाइल. काम रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) लावून व्हावं, हे आधीच बोलून घ्या. कॅनाल धुवायचं हायपोक्लोराइट घशात जाऊ नये आणि लाळ दातात येऊ नये, दोन्हींसाठी तोच एक उपाय. आधीचे तीन कॅनाल नीट भरले असतील आणि वरचं फिलिंग गळलं नसेल तर ते उकरायची गरज नाही.

आत जिवंत नस निघाली तर त्याच बैठकीत भरून बंद करता येतं. ओल किंवा पू दिसला तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड (जंतू मारणारं औषध) ठेवून एक-दोन आठवडे थांबायचं. मधल्या काळात तात्पुरतं फिलिंग निदान ४ मिमी जाड हवं, पातळ थरातून लाळ झिरपते. शेवटच्या बैठकीत तात्पुरतं न ठेवता कंपोझिटचं (दाताच्या रंगाचं) पक्कं फिलिंग तेव्हाच करून घ्या आणि दाढ चाव्यातून किंचित खाली ठेवायला सांगा. त्यानंतर आठ-दहा दिवस शेंगदाणा त्या बाजूने चावून कळ आली नाही की माप द्या. महिना-दीड महिन्याच्या पलीकडे मात्र कॅप लांबवू नका, उघड्या दाढेचा उंचवटा मोडतो. तोवर कडक पापुद्रा डावीकडून.

कृष्णाकाठ

तज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळाली. ॲलेंड्रोनेटची गोळी बुधवारी असते, ती नेहमीसारखी द्यायची ना?

हिरडीवाली

हो. रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं न होता, नेहमीसारखीच. गुरुवारी सकाळी नाश्ता आणि मेटफॉर्मिन चुकवू नका. भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, गाल चावला जाईल असं काही खायला देऊ नका.