लहान ऑफिसच्या लॅनवर डीएनएस (नावावरून यंत्राचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) कसा लावावा? सल्ला हवा

पॅचकॉर्ड:
१४ विंडोज पीसी, २ लिनक्स, एक नॅस (सगळ्यांच्या फाइल ठेवायचं नेटवर्कवरचं यंत्र), दोन नेटवर्क प्रिंटर. आयपी सध्या राउटरच वाटतो. नॅसवरचं शेअर (सामायिक फोल्डर) कधी नावाने उघडतं, कधी फक्त आयपीने. प्रिंटरचा पत्ता बदलला की छपाई ठप्प. प्रत्येक पीसीवर होस्ट्स फाइल (नावं आणि पत्त्यांची यादी) भरत बसायचं नाहीये. विंडोज सर्व्हर नाही, घ्यायचाही नाही. उबंटू टाकलेला एक जुना पीसी मोकळा आहे. त्यावर काय लावू? आणि आधार म्हणून दुसरा डीएनएस गूगलचा ८.८.८.८ ठेवला तर चालेल ना?

पोर्ट५३:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात नको. पहिल्याला नाव माहीत नसलं की यंत्र दुसऱ्याला विचारतं, हा समज सर्रास दिसतो. तसं होत नाही. पहिल्याने ‘असं नाव नाही’ म्हटलं की विषय संपला. यंत्र दुसऱ्याकडे वळतं ते पहिला वेळेत उत्तर देत नसेल तेव्हा, आणि एकदा वळलं की काही काळ तिथेच रमतं. म्हणजे तुमचा सर्व्हर रीस्टार्टसाठी मिनिटभर बंद पडला की दोन-चार पीसी गूगलला नॅसचा पत्ता विचारणार, तो ‘नाही’ म्हणणार आणि ते ‘नाही’सुद्धा पीसीच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) बसणार. इंटरनेट सुरळीत, शेअर बंद, तेही सगळ्यांचं नाही. असला बिघाड शोधताना घाम फुटतो. दुसरा हवाच असेल तर दुसऱ्या यंत्रावर तीच नावं असलेला सर्व्हर ठेवा. बाहेरचे पत्ते फक्त तुमच्या सर्व्हरला माहीत असावेत, पीसींना नाही.

रूटप्रॉम्प्ट:
सहमत. एवढ्या पसाऱ्याला डीएनएसमास्क हा प्रोग्राम पुरे; डीएनएस आणि डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) दोन्ही त्यातच, त्यामुळे पीसीला आयपी मिळाला की त्याचं नावही आपोआप नोंदलं जातं.

जुन्या पीसीला स्थिर पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.१०. डीएचसीपीची रेंज १०० ते १९९ ठेवा. नॅस आणि प्रिंटर कॉन्फिग फाइलमधल्या ‘डीएचसीपी-होस्ट’ ओळीने त्यांच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला) बांधून २० ते २९ मध्ये. ‘डोमेन’ आणि ‘लोकल’ या दोन्ही ओळींत तुमचं आतलं डोमेन लिहा, म्हणजे आतल्या नावांची चौकशी बाहेर जाणार नाही. ‘डोमेन-नीडेड’, ‘बोगस-प्रिव्ह’, ‘एक्स्पांड-होस्ट्स’ चालू. ‘नो-रिझॉल्व्ह’ टाकून बाहेरचे दोन पत्ते ‘सर्व्हर’ ओळींनी द्या. मग राउटरवरचा डीएचसीपी बंद. दोघं वाटत राहिले तर ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा डीएनएस पीसी उचलतो.

उबंटूवर सेवा सुरू होताना ‘पत्ता आधीच वापरात’ अशी तक्रार येईल, कारण डीएनएसच्या ५३ पोर्टवर उबंटूची स्वतःची सेवा सिस्टमडी-रिझॉल्व्हड आधीच बसलेली असते. तिच्या कॉन्फिगमध्ये ‘डीएनएसस्टबलिसनर=नो’ करा. फायरवॉलमध्ये ५३ यूडीपीसोबत टीसीपीही उघडा, आणि डीएचसीपीसाठी ६७ यूडीपी.

डोमेनला डॉट लोकल शेपूट लावू नका. ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय यंत्रांनी एकमेकांना नावं विचारायची पद्धत) राखीव आहे. अॅपलचे मॅक आणि बरीच लिनक्स यंत्रं तसं नाव तुमच्या सर्व्हरला विचारतच नाहीत. इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅन संस्थेने २०२४ मध्ये डॉट इंटर्नल खासगी वापरासाठी राखून ठेवलं, ते घ्या.

लॅनवाला:
यात आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) राहिलं. बरेच राउटर त्यावरून स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतात. डीएचसीपी बंद केला तरी ते चालूच राहतं. पीसीवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ बघा. डीएनएसच्या रांगेत एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरमधली ती जाहिरात बंद करा.

ब्राउझरमधला ‘सिक्युअर डीएनएस’ही (ब्राउझरने थेट बाहेरच्या सर्व्हरला विचारणं) तपासा. तो चालू असेल तर पिंगला (यंत्र उत्तर देतं का ते बघणारी आज्ञा) सापडणारं नाव ब्राउझरला कधीकधी सापडत नाही.

आणि बदल करण्याच्या आदल्या दिवशी राउटरवर लीजची (आयपी किती वेळासाठी दिला त्याची) मुदत १ तास करा. २४ तासांची असेल तर पीसी साधारण १२ तासांनी नूतनीकरणाला येतो, तोवर जुनाच डीएनएस धरून बसतो.

पॅचकॉर्ड:
लावलं. आयपीव्ही६ची जाहिरात खरंच चालू होती. आता एका पीसीवर एनएसलुकअप नॅसचा नवा पत्ता बरोबर दाखवतं, पिंग मात्र जुन्याच पत्त्यावर जातं. ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ने कॅश दोनदा रिकामी केली.

पोर्ट५३:
एनएसलुकअप थेट सर्व्हरला विचारतं. त्या पीसीची कॅश आणि होस्ट्स फाइल दोन्ही बघत नाही. पिंग बघतं. फ्लश करूनही जुनाच पत्ता येतोय म्हणजे कोणीतरी कधीकाळी होस्ट्स फाइलमध्ये नॅसची ओळ लिहिलेली असणार. विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात आहे ती. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ती ओळ काढा. सेव्ह करताना मागे डॉट टीएक्सटी चिकटत नाही ना, तेवढं बघा.